दोघांची साक्ष

बाबा गेले तेव्हा मी कल्याणला ऑफिसमध्ये होते. नौपाड्याच्या घरी भेटायला येणाऱ्यांना ताई सांगायची, "चहाचा घोट घेतला, ही तुमच्या मागची खिडकी आहे ना, तिच्याकडे बघून हसले आणि गेले." दादाही तेच सांगायचा. दोघांनी डोळ्यांनी पाहिलंय म्हटल्यावर माझ्या जिवाला जरा बरं वाटलं होतं.

मग चर्चच्या अभ्यासवर्गात एकदा पाळकसाहेब म्हणाले, की येशूची कथा सांगणाऱ्या दोन शुभवर्तमानांत मध्येच 'वाचणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे' अशी वाचकाला उद्देशून केलेली एक सूचना येते, दोन्हींत अगदी त्याच जागी. दोघांनी आपापलं आठवून लिहिलं तर असं होत नाही. एकाने दुसऱ्याचं समोर ठेवून लिहिलं असणार. म्हणजे तेवढ्यापुरते साक्षीदार दोन नाहीत, एकच. मला रागच आला. देवाच्या वचनाचीही आता उलटतपासणी करायची का?

त्याच रविवारी कोपरला दादाकडे गेले. त्याच्याकडे पाहुणे बसले होते आणि बाबांचा विषय निघाला. दादा सांगू लागला, "चहाचा घोट घेतला, ही तुमच्या मागची खिडकी आहे ना..."

पाहुण्यांच्या मागे कपाट होतं.

मी चहाही न घेता उठले आणि तडक नौपाडा गाठला. ताई पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, "दादा तेव्हा घरात नव्हताच ना? तू एकटीच होतीस बाबांजवळ."

तिने लाटणं बाजूला ठेवलं.

"मी दूध आणायला खाली गेलेले," ती म्हणाली. "दादा होता ना आत?"