येसर घातलेली मॅकरोनी

क्लाससाठी भोकरहून लातूरला आले, तेव्हा ज्यांच्या मेसवर दोन वर्षं जेवले, त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही सगळ्या मुली त्यांना मावशीच म्हणायचो. दर रविवारी त्या मॅकरोनी करायच्या, तीही येसर घालून. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. आमच्याकडे लग्नाच्या आमटीत घालतात. पातेलं रिकामं होईपर्यंत मावशी बसायच्या नाहीत. शेवटचा डाव कुणाच्या तरी ताटात वाढायच्या, पातेलं उपडं ठेवायच्या, मगच पदराला हात पुसायच्या.

तेव्हा माझी जीभ फार चालायची. एका रविवारी अर्धं ताट बाजूला सारून मी म्हणाले, "मावशी, मॅकरोनीत चीज घालतात. येसर कुणी घालतं का?"

त्या रागावल्या नाहीत. पातेल्यात बघत म्हणाल्या, "भूकंपात घर पडलं तवा मी लहान होते. मदतीच्या गाडीतून ह्या नळ्या आल्या. आईला वाटलं, कुरडयाच हायत. तळल्या, तर करपल्या. मग ढिगाऱ्यात सापडलेल्या चेपक्या डब्यातलं येसर घालून शिजवल्या. सवयीनं सात जणांच्या शिजवल्या, माय. खाणाऱ्या आम्ही दोघीच."

मी ताट पुन्हा पुढं ओढलं.

पुढच्या रविवारी त्या पातेलं घेऊन पंगतीत उभ्या राहिल्या, तेव्हा शेवटचा डाव मी मागून घेतला. पोट कधीच भरलं होतं.