सखूआत्यांच्या सहीबद्दलची ओळ

मंडळी, कुणालाही भर घालता येते अशा ऑनलाइन ज्ञानकोशात जामखेडजवळच्या आमच्या गावाचं पान आहे. आज सकाळी तिथे नवी ओळ दिसली: 'नव्वदच्या दशकातल्या सरपंच सखूबाई नावापुरत्या होत्या, सह्या नवराच ठोकायचा.'

पुरावा दिलेला नव्हता. मी ओळ काढली. लिहिणारे शेजारचे नानाच निघाले.

"सगळ्या गावाला ठावं हाय. बीए झालीस म्हून आमाला शिकवती व्हय?"

"छापील आधार द्या नाना, मीच परत टाकते."

दुपारी सखूआत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाटीवर गिरवून सही शिकले मी. तेवढं तरी लिही की."

तेही लिहिता आलं नाही. आधार त्यालाही लागतो.

त्या काळचं एखादं कात्रण कुणाकडे आहे का?