पहिलं वाक्य कोणाचं

"अगं, बाई म्हणजे कामवाली. तुला बघून शिक्षिका कोणाला सुचेल?"

हे सर म्हणाले. भर हॉलमध्ये, वीस-पंचवीस जणांसमोर. सगळे हसले.

झालं असं. ठाण्यातल्या एका नाट्यसंस्थेत दर रविवारी उत्स्फूर्त नाटकाचा वर्ग चालायचा. संहिता नाही, पाठांतर नाही. दोघांनी उभं राहायचं, एकाने वाक्य टाकायचं, दुसऱ्याने ते उचलायचं. मी शहापूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि तिथला तो माझा पहिला दिवस. समोर एक मुलगी उभी राहिली. इस्त्रीचा कुर्ता, मोकळा आवाज. तिने वाक्य टाकलं, "काय हो बाई, आज पुन्हा उशीर?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. आमच्याकडे बाई म्हणजे शाळेतल्या बाई. दुसरा अर्थ डोक्यातही आला नाही. मी ताठ उभी राहिले, हवेतला खडू उचलला, हवेतल्या फळ्यावर तारीख लिहिली आणि म्हणाले, "एसटी चुकली. बसा सगळे, हजेरी घेते." मला वाटलं, काय झकास उचललं. समोरची गोंधळली. मग हसू दाबत म्हणाली, "अहो बाई, भांडी पडलीयेत सिंकमध्ये." तेव्हा वर्ग घेणारे सर ते बोलले.

मग त्यांनी नियम सांगितला. या नाटकात समोरच्याला नाही म्हणायचं नसतं. तो जे देईल ते घ्यायचं, हो म्हणायचं आणि पुढे न्यायचं. नाही म्हटलं की सीन मेला. मी हो म्हटलं. उकिडवी बसले. राख घेतली, काथ्याने घासलं, पाणी जपून ओतलं, कढई उपडी घातली. मग टाळ्या. सर म्हणाले, "बघा, हिला अभिनय करावाच लागत नाही."

खरं सांगते, टाळ्या ऐकून मला बरं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

आमचं गाव भातसानगरपासून चालत अर्ध्या तासावर. आई धरणाच्या कॉलनीत भांडी घासायची. तिथे सगळे तिला मावशी म्हणायचे. घरी गेल्यावर तिने विचारलं, "काय केलंस गो तिकडं?" मी म्हटलं, "बाई झाले होते." तिचा चेहरा उजळला. "बाई झालीस? चांगलं झालं गो. तुझा आवाज हाय तसा." तिलाही शाळेतल्या बाईच वाटल्या. मी खरं सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

पुढची दोन वर्षं तेच. या नाटकातली एक गोष्ट कोणी सांगत नाही. पहिलं वाक्य जो बोलतो, तो समोरचा कोण ते ठरवतो. तो "डॉक्टर" म्हणाला की तुम्ही डॉक्टर. "ए पोरी" म्हणाला की तुम्ही पोरगी. शहरातली ती मुलं चटकन बोलायची. मी आधी वाक्य मनात धुऊन घ्यायचे, 'नाय'चं 'नाही' करायचे, 'आमी'चं 'आम्ही' करायचे. तेवढ्यात समोरचा बोललेला असायचा. मग मी कामवाली. भाजीवाली. हॉस्पिटलातली अडाणी म्हातारी. एकदा तर धरणात गाव बुडालेली बाई, आणि तिला काय वाटतं तेही समोरच्यानेच सांगितलं. मी दर वेळी हो म्हटलं.

शिकलेही, ते नाकारत नाही. समोरच्याचं ऐकायला शिकले. गप्प राहून रंगमंच धरून ठेवायला शिकले. भाषा इतकी स्वच्छ झाली की गावातले लोक माझी नक्कल करायला लागले. सर सगळ्यांना सांगायचे, "ही आमची अस्सल मातीतली." मला ते कौतुक वाटायचं. इतकी मी मूर्ख.

मग संस्थेने मला टोकावड्याजवळच्या एका शाळेत हे नाटक शिकवायला पाठवलं. दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की आमचा वर्ग. शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून घाटाकडे जाणारी एसटी. जाऊन येऊन सगळा दिवस जातो, घसा बसतो, पायांत गोळे येतात. आठवी-नववीच्या मुली होत्या. त्या मला बाई म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले.

आणि मी त्यांना काय शिकवलं? सरांचंच. हो म्हणा. नाही म्हटलं की सीन मेला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहूनही दिलं.

नववीत दर्शना नावाची मुलगी होती. तिची आई लोकांच्या गोठ्यात कामाला. वर्गात रस्त्यावरच्या ढाब्याच्या मालकाची मुलगीही होती, तोंडाने तिखट. त्या दोघींची जोडी आली की ढाबेवाल्याची मुलगीच आधी बोलायची. त्या दिवशीही तिने सुरुवात केली, "ए दर्शने, शेण भरलंस का?"

दर्शना हात खाली सोडून उभी राहिली. म्हणाली, "नाय."

मी म्हटलं, "दर्शना, 'नाय' नाही, 'नाही' म्हण." आधी भाषा सुधारली. मग म्हटलं, "आणि मुळात नाही म्हणायचंच नसतं. सीन मरतो."

ती म्हणाली, "बाई, ती नेहमी पहिली बोलते. मग मीच शेण भरायचं. घरी पण भरते, हितं पण भरू? नाय भरत."

आणि जाऊन मागच्या बाकावर बसली.

सरांचं वाक्य माझ्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं होतं. जे या पोरीला काही शनिवारांत कळलं, ते मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. कळलं असेल, पण टाळ्यांपायी मी ते गिळलं. मी फळा पुसला. म्हटलं, "चूक माझी आहे. दर्शना, तू ये. तू पहिलं बोल."

ती आली नाही. दोन शनिवार मागेच बसून राहिली. तिसऱ्या शनिवारी उठली, थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तलाठी मॅडम, आमचा सातबारा कधी देणार तुमी?"

मला कोणी तलाठी केलं नव्हतं कधी. खुर्चीत बसायचं कसं तेच सुचेना. मग बसले. चष्मा पुसला, जेवायची वेळ झाली म्हटलं, उद्या या म्हटलं. ती हलेना. "उद्या काय सूर्य पच्चिमेला उगवणार हाय?" पोरी हसून लोळायच्या बाकी होत्या. इतकं मोकळं मी त्या हॉलमध्ये एकदाही खेळले नव्हते. परतीच्या एसटीत मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

मग सरांचा फोन आला. संस्थेचा वार्षिक कार्यक्रम होता. "तुझ्या मुली घेऊन ये. आमची मुलं सीन सुरू करतील, तुझ्या जॉइन होतील. प्रेक्षकांना खेड्याचा तो टच आवडतो."

मुली हरखल्या. मोठा रंगमंच, दिवे, माइक. मी नाही म्हटलं तर ते सगळं जाणार, हे मला दिसत होतं. वर्गही संस्थेच्या नावावर चालत होता, तोही जाणार. मी मुलींना सगळं खरं सांगितलं. पहिल्या दिवसाचंही सांगितलं. दर्शनाने एवढंच विचारलं, "तिथं पहिलं कोण बोलणार?"

मी सरांना फोन लावला. "पहिलं वाक्य माझ्या मुलींचं असेल तर येते."

"अगं, भाषा बघ त्यांची. सगळा गोंधळ होईल."

"मग नाय येत." तोंडातून नायच आलं.

"तुला उभं कोणी केलं, विसरलीस?"

"विसरले नाही, सर. तुम्ही उभं केलंत आणि भांडी घासायला बसवलंत."

फोन कट झाला. आठवड्याभरात निरोप आला की संस्थेला आता माझी गरज नाही. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही स्वतःहून येत असाल तर खोली उघडून देतो. मी जाते. दोन मुली यायच्या थांबल्या. त्यांना तो रंगमंच हवा होता, आणि तो मी घालवला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी थकले आहे. एसटीच्या वाटेने थकले, चांगली चांगली म्हणवून घेऊन जास्त थकले. पुढे हा वर्ग किती टिकेल, माहीत नाही. पण येत्या शनिवारी पहिला तास नकाराचा घेणार आहे. समोरचीने काहीही म्हणावं, मुलीने सरळ नाय म्हणायचं, आणि मग आपण कोण ते स्वतः सांगायचं. पुन्हा पुन्हा, घसा बसेपर्यंत. ज्यांना हा खेळ बिघडवणं वाटतं, त्यांनी आमच्याशी खेळू नये.