पाचव्या माणसाचा भात

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते फक्त खोट काढायला. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढणाऱ्या पोरांची भर वर्गात फिरकी घेते. भूत, देवचार... माझ्या लेखी सगळं सारखंच थोतांड. आज माझ्याकडेही एकच उदाहरण आहे. हसायचं तर हसा.

माझी थोरली बहीण, शुभाताई, मालवणजवळ देवबागला राहते — एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. भावजी मासेमारीला जायचे. तीन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत त्यांची होडी उलटली. बाकीचे पोहून आले. भावजींचा देहसुद्धा मिळाला नाही. ताईने दिवसकार्य करू दिलं नाही. आता घरात ती, सासू आणि दोन मुलं.

गेल्या वर्षी आमच्या विभागाने किनाऱ्यावरच्या घरांतल्या आहाराचा सर्व्हे घेतला. तांदूळ शिजवण्याआधी तोलायचे आणि संध्याकाळी उरलेला भात तोलायचा. सॅम्पलमध्ये ताईचं घर आलं, म्हणून फॉर्म भरायला मीच गेले.

"जेवणारी माणसां किती?"

"पाच."

भावजींना धरून पाच. मी पेन खाली ठेवलं.

"लिव गो पाच. तेंचो भात मी रोज रांदतंय."

"आणि तो खाता कोण?"

"संपता," ती म्हणाली.

मुलं खात असणार, असं मी धरून चालले. संध्याकाळी टोप खरंच रिकामा होता. फॉर्मवर आकडा पाच लिहिला. खाली नावांच्या यादीत पाचवं नाव लिहायला मात्र हात धजला नाही. चारच लिहिली.

दोन महिन्यांनी रिग्रेशन करायला बसले. घरात माणसं किती, यावरून तांदूळ किती लागतील याची सॉफ्टवेअर एक रेषा बसवतं आणि कुठलं घर त्या रेषेपासून किती लांब पडलं ते ठिपक्याने दाखवतं. ताईचं घर नेमकं रेषेवर होतं. पाच माणसांचं घर जेवढं खातं, बरोबर तेवढं. पण डेटा तपासताना आमच्या विभागप्रमुख सरांनी पकडलं. "मॅडम, नावं चार आणि आकडा पाच? दुरुस्त करा."

स्वतःच्या बहिणीचं घर म्हणून सूट कशी मागणार? मी पाचाचे चार केले आणि मॉडेल पुन्हा चालवलं. ताईचा ठिपका रेषा सोडून वर गेला, एकटाच. मंगळवार, सकाळचे साडेअकरा... सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये वेळ आहे, म्हणून ठामपणे सांगते.

दुपारी तीनला ताईचा फोन आला. अशा वेळी ती कधी करत नाही.

"गो, आज भात उरलो."

"आसांदे गो, त्यात काय?"

"तेंचो उरलो."

बुधवारी उरला. गुरुवारीही. शुक्रवारी रजा टाकून, वजनकाटा घेऊन गेले. तांदूळ तेवढेच, जेवणारी तीच, आणि टोपात एका माणसाचा भात तसाच. थोरल्या भाचीला बाजूला घेऊन विचारलं, आधी हा भात तुम्ही खात होता ना?

"नाय गो मावशी. बाबांचो भात आमी कधीच खावक नाय. आये मारता."

तिथेच पडवीत लॅपटॉप उघडला. लाज सोडून सांगते: चाराचे पाच केले, सेव्ह केलं, मॉडेल चालवलं. ठिपका निमूट रेषेवर आला. भात संपला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही.

आठव्या दिवशी ताईने चारच वाट्या तांदूळ घेतले. सासूबाई चुलीशी बसून बघत होत्या. होडी उलटल्यापासून त्या एकदाही रडल्या नव्हत्या. "आता गेलो माझो झील," म्हणाल्या आणि मुलाच्या नावाने कपाळ बडवून घेतलं.

मांजर, मुलं, काट्यातली चूक, योगायोग — सगळं तपासून झालं. कशानेच उलगडा होत नाही. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हे मी आजही वर्गात शिकवते. पण मला आतून वाटतं की भावजींना मी घालवलं. हे वाटणं जात नाही, आणि ताईला सांगायची छाती होत नाही.

परवा गेले तेव्हा ती विळीवर, आमच्या आदोळीवर, बसून नारळ खवत होती. मध्येच थांबली.

"गो, तेंका कोणी सांगल्यान आसतला काय, येव नकात म्हणान?"

"माका काय म्हायत," मी म्हटलं. तिला उठवलं, स्वतः आदोळीवर बसले आणि नारळ संपेपर्यंत मान वर केली नाही.