जमीनदाराच्या चालीने

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५. सकाळी धुके. दीपिकाच्या गाडीतून सिंदेवाहीकडच्या एका खेड्यात गेले. लटारू गुरनुले यांची पाहणी. माणूस उमदा, चालतो छान. येताना वांगी आणि वाल घेतले.

त्या दिवशी डायरीत मी एवढेच लिहिले होते. त्यातले ‘चालतो छान’ पुढच्या आठवड्यात खोडावे लागले.

दीपिका माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तिच्या संस्थेचा अभ्यास चालू आहे : खेड्यातल्या म्हाताऱ्या, अधू माणसांपर्यंत उपचार का पोहोचत नाहीत. ज्यांना आपले आपण उठता-चालता येत नाही, त्यांच्या घरी वर्षभर फिजिओथेरपिस्ट पाठवायचा आणि किती फरक पडतो ते सरकारला कळवायचे. ज्यांना चालता येते त्यांनी दवाखान्यात जावे. कामासाठी ती ब्रह्मपुरीला माझ्याकडे उतरली होती आणि गाडीत जागा होती, म्हणून मी गेले.

लटारूभाऊ झाडीपट्टीच्या नाटकातले जुने खलनायक. दिवाळीनंतर धान निघाले की वडशाच्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव जायचे, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री जमीनदार व्हायचे आणि पावसाळ्याआधी परत येऊन स्वतःच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवायचे. एका नाटकात त्यांनी विधवा भावजयीला घराबाहेर काढले. दुसऱ्या दिवशी नवरगावच्या बाजारात भाजीवालीने त्यांना वांगी दिली नाहीत. “पह्यले तिले घरात घे, मंग वांगे ने,” म्हणाली. ही गोष्ट ते आम्हाला चहाच्या आधीच सांगून मोकळे झाले.

दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांना लकवा झाला. डावा हात आणि डावा पाय गेला. रोज व्यायाम झाला नाही तर पाय कायमचा आखडेल, असे चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावले होते. बायको मनकर्णाबाई त्यांना दोनदा बसने दवाखान्यात घेऊन गेल्या. खाली उतरवायला कंडक्टर आणि आणखी एक प्रवासी लागला. तिसऱ्यांदा लटारूभाऊच नाही म्हणाले.

हे सगळे दीपिकाला कागदावरून माहीत होते. पण आमची गाडी थांबली तेव्हा लटारूभाऊ ओसरीत खांबाला टेकून उभे होते. पांढरा सदरा, मिशीला कलप, उजव्या हातात काठी. कुंपणापाशी शेजारपाजारची माणसे जमली होती.

“बाबा, घराबाहेर एकटे जाता?” दीपिकाने विचारले.

“जातो ना! रोज पारावर जातो.”

“कपडे कोण घालून देतं?”

“मी काय लहान पोट्टा आहो?”

कुंपणावर हशा पिकला. मग दीपिकाने खांबापासून खुर्चीपर्यंत चालून दाखवायला सांगितले. लटारूभाऊंनी मान वर केली, काठी टेकली आणि नाटकातला जमीनदार रयतेपुढे येतो तसे संथ, एकेका पावलावर थांबत निघाले. डावा पाय ओढत होता. पण जमीनदार तसाच चालतो असे वाटून आमच्या ते लक्षात आले नाही. खुर्चीत बसताना त्यांनी घसा खाकरून एक जुना संवादही म्हटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीपिकाने ‘स्वतंत्रपणे चालतात’ अशी नोंद केली.

आम्ही गाडीत बसलो तेव्हा मनकर्णाबाई मागून आल्या.

“बाई, नाटक पाह्यलं ना? आता त्या राजाले खुर्चीवरून उठवाले शेजारच्या सुकलूले बोलवा लागते. सकाळी त्यानंच खांबाशी उभा करून देल्ला. पारावर जाते म्हणे! पार कोण्या बाजूले आहे तेही भुलला असन.”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?”

“एवढ्या मानसाईत? मंग तो चार दिवस जेवला नसता.”

दीपिकाने डोक्याला हात लावला. बायकोच्या सांगण्यावरून नोंद बदलता येत नव्हती. मात्र काही घरे न कळवता पुन्हा तपासायची असतात. त्यात तिने हे घर घातले.

गुरुवारी, तेवीस तारखेला, आम्ही गेलो तेव्हा लटारूभाऊ अंगणात बाजेवर पडले होते. दाढी वाढलेली. आम्हाला पाहताच उजव्या हाताने सदऱ्याची बटणे चाचपू लागले. गाडीचा आवाज ऐकून कुंपणाशी पुन्हा माणसे आली.

“आज जरा सुस्ती आहे बाई. नाई तं दाखवलं असतं.”

“तेच पाहायचं आहे बाबा. आज बाजेवरून उठून दाखवा.”

त्यांनी काठी मागितली. बायकोकडे पाहिले. मनकर्णाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. हलल्या नाहीत.

“आयकू येते का वो? काठी दे.”

मनकर्णाबाईंनी सूप खाली ठेवले. काठी दिली नाही. दोरीवरची मोठी चादर ओढून त्यांनी कुंपणावर पसरली, फाटक लावले आणि बाहेरच्यांना म्हणाल्या, “पडदा पडला. जा आपापल्या घरी. फुकटचं किती पाह्यसान?”

बाहेर कोणीतरी म्हणाले, “काकू, दुसरा अंक?”

“तुह्या घरी दाखवजो!”

पावले दूर गेली. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आता कोणी नाई. उठ.”

लटारूभाऊंनी उजवा हात बाजेच्या काठावर रोवला आणि जोर केला. अर्धे वर आले, तिथेच थरथरले आणि परत बसले. पुन्हा जोर केला. मनकर्णाबाईंचा हात पुढे आला होता, तो त्यांनी पदरात घेतला. तिसऱ्या खेपेला लटारूभाऊंनी जोर केलाच नाही.

“लिवा बाई,” ते म्हणाले. “नाई जमत. ही नसली तं मुतालेही जाता येत नाई.”

दीपिकाने लिहून घेतले. मग विचारले, “घरी माणूस आला तर व्यायाम कराल?”

त्यांनी चादरीकडे पाहिले.

“तो मानूस व्यायाम अंगणात घेईन का घरात?”

“तुम्ही म्हणाल तिथे.”

“मंग घरात. दार लावून.”

“आन मी?” मनकर्णाबाईंनी विचारले.

“तू राह्य. तुले काय लपवाचं आहे आता?”

“आइकलं का बाई? आता सुचलं.”

दीपिकाने जुनी नोंद रद्द केली, नवी भरली आणि दोघांचे अंगठे घेतले. पुढच्या महिन्यापासून दर मंगळवारी माणूस येईल, असे सांगितले. निघताना मनकर्णाबाई चादर काढायला गेल्या. लटारूभाऊंनी नको म्हटले. ती तशीच राहिली.

संध्याकाळी डायरीतले ‘चालतो छान’ खोडले आणि त्या दिवसाचे एवढेच लिहिले : गॅसचा सिलिंडर संपला, दुसरा लावला. उद्यासाठी हरभरे भिजत घातले.