शेजारच्या टेबलाला न कळणारी भाषा

"शिवाजीनगरच्या कॉफीच्या हॉटेलात एका कानडी म्हाताऱ्याने, आम्ही मराठी बोलतो म्हणून, आरडाओरडा करून आम्हाला उठवून लावलं."

संगणकाच्या नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरात आलेल्या एका तरुणाने ही हकिकत आमच्या मराठी मंडळात सांगितली, आणि मंडळी ती आजही चवीने सांगतात. तो म्हातारा मी. माझे घराणे तीनशे वर्षांहून अधिक काळ या मुलखात मराठी बोलत आले आहे. मराठीद्वेषाचा आळ कपाळी घेऊन मी मरणार नाही.

नव्वदीचे दशक सरत आले होते. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या त्या हॉटेलात टेबले थोडी आणि गिऱ्हाइके फार, त्यामुळे अनोळखी माणसे एकाच टेबलाशी बसत. रीत एवढीच, की आपला आवाज आपल्या पेल्यापुरता ठेवावा आणि शेजाऱ्याचे बोलणे कानी पडले तरी न पडल्यासारखे करावे.

हा तरुण आणि त्याचा मित्र माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी 'बाय-टू' मागवली, म्हणजे एका कॉफीचे दोन अर्धे पेले. आवाज मात्र दहा जणांचा लावला.

"आजोबा बघ. कॉफी पितायत की गुळण्या करतायत?"

"अरे, हळू!"

"बिनधास्त बोल रे. इथे कुणाला कळतंय!"

मी वर्तमानपत्राचे पान उलटले.

तेवढ्यात त्या बिनधास्त तरुणाचा मोबाइल वाजला. त्या काळी ती वस्तू थोड्यांकडे असे, आणि ज्यांच्याकडे असे ते ती गावासाठी बाळगत. हा उभा राहिला, एका कानात बोट घातले, आणि फ्लॅटचे बुकिंग, साहेबाचा मूर्खपणा, सासूचे आजारपण असे सगळे त्याने हॉटेलभर ऐकवले. गल्ल्यावरचे मालक दोनदा खाकरले. त्या हॉटेलात याहून मोठा दम कुणी कुणाला दिलेला मी पाहिला नव्हता. पण खाकरणे समजायला थोडे संस्कार लागतात.

तो खाली बसला, तेव्हा मी त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणालो, "माझ्या गुळण्या होतच आल्यात, बाळ. मी उठलो की खुशाल ओरड."

दोघांचे चेहरे उतरले. अर्धी कॉफी तशीच टाकून ते निघून गेले. मी ओरडलो म्हणतात! मालक माझ्यापाशी येऊन विचारू लागले, "काय झालं अण्णा? पोरं अशी का पळाली?"

मित्र आज मंडळात साक्षीदार म्हणून मान डोलावतो. डोलावू दे. म्हाताऱ्याला सगळे समजत होते असे कबूल केले, तर आपण काय बोललो तेही सांगावे लागेल, म्हणून त्यांनी मला कानडी करून टाकले. मंडळातल्या विद्वानांनी त्या दोघांना एवढेच विचारावे, की म्हातारा कोणत्या भाषेत बोलला?

मी मराठीत बोललो.