डूख

कवठे महांकाळहून सांगलीला जाणाऱ्या वडाप जीपमध्ये ती बाई रोज ड्रायव्हरच्या मागेच बसायची. डोक्यावर पदर, हात मांडीवर, नजर समोरच्या आरशात. सांगलीत उतरून त्याच जीपनं परत जायची. त्या ड्रायव्हरच्याच जीपखाली तिचा लेक गेला होता, असं मला कुणीतरी सांगितलं.

एकदा मी म्हटलं, "मावशी, इतका राग बरा नाही."

"राग कवाच गेला, ताई. ह्यो डूख हाय," ती हळूच म्हणाली. "आरशात बघितलं की त्येला मी दिसाय पायजे. बास."

डूख साप धरतो, एवढंच मी ऐकलं होतं. आरशातले ड्रायव्हरचे डोळे झटकन खाली गेले.

महिन्याभरात तो जीप विकून फलटणला निघून गेला. सुटला बिचारा, असं मला वाटलं. दुसऱ्या सकाळी थांब्यावर तिनं मला शांतपणे विचारलं, "फलटणची गाडी कुठं लागती?"